कॅलिफोर्नियातील देशी रोपांची विक्री : एका लोकसंस्थेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या रानफुलांचे चाहते कॅलिफोर्नियापेक्षा इंग्लंडमध्ये अधिक होते. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने पाठवलेला स्कॉटिश संग्राहक डेव्हिड डग्लस १८३० च्या अखेरीस माँटेरे येथे पोहोचला आणि त्याने धाडलेल्या बियांतून पश्चिम किनाऱ्यावरची अनेक फुलझाडे इंग्लिश बागांत रुजली. मात्र १८४९ च्या सोन्याच्या लाटेनंतर त्याच प्रदेशात वसाहत करणाऱ्या लोकांनी आपल्या अंगणांत गुलाब, हिरवळ आणि ऑस्ट्रेलियातून आणलेले निलगिरी वृक्ष लावले. डोंगरउतारांवरील चॅपरल, म्हणजे उन्हाळ्याचा दुष्काळ आणि वणवे सोसणारे जाड पानांचे झुडपी रान, हे त्यांच्या लेखी साफ करण्याजोगे माजलेले झुडूप होते. या प्रदेशात आज दर वर्षी भरणारी देशी रोपांची सामुदायिक विक्री ही या उपेक्षेला मिळालेले उत्तर आहे. परंतु तिचा इतिहास नीट पाहिल्यास असे दिसते की, रानातील वनस्पतीविषयीचे प्रेम आणि ती आपल्या अंगणात असावी ही इच्छा या परस्परविरोधी गोष्टींचा मेळ कसा घालावा, हाच त्या इतिहासाचा खरा विषय आहे.

हा विरोध व्यापाराच्या आरंभीच उघड झाला होता. उत्तर कॅलिफोर्नियातील युकाया येथील कार्ल पर्डी यांनी लिली आणि मरिपोसा या जातींच्या कंदांचा मोठा व्यवसाय उभा केला आणि देशोदेशीच्या बागांना माल पुरवला. तथापि त्या मालाचा बराचसा भाग रानातून खणून काढलेला असे. बियांपासून कंद तयार होऊन फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे तो बी पेरून वाढवण्यापेक्षा उपटून विकणे स्वस्त पडते. अशा व्यवहारात फुलाची कीर्ती जितकी पसरते तितका त्याचा मूळ अधिवास रिकामा होत जातो.

दुसरी वाट थिओडोर पेन यांनी घालून दिली. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात १८७२ मध्ये जन्मलेले पेन १८९३ मध्ये कॅलिफोर्नियात आले, पोलिश नटी हेलेना मोजेस्का यांच्या मळ्यावर माळीकाम करताना त्यांना तेथील रानफुलांची ओढ लागली आणि १९०३ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा रोपे व बियाण्यांचा धंदा सुरू केला. कॅलिफोर्नियन पॉपीला राज्यपुष्पाचा मान मिळाला तोही याच वर्षी. देशी रोपे कोणी मागत नव्हते, म्हणून पेन यांनी आधी मागणी निर्माण केली. हॉलिवूड आणि पॅसाडिना येथील मोकळ्या भूखंडांवर त्यांनी रानफुलांच्या बिया पेरून दाखवल्या आणि १९१५ मध्ये एक्स्पोझिशन पार्क येथे सुमारे पाच एकरांवर २६२ जातींची बाग उभारली. बी गोळा करून रोपवाटिकेत वाढवलेले रोप हे रानाचे नुकसान न करता विकता येते, हे या कामातून सिद्ध झाले. माँटेरेच्या दक्षिणेस कार्मेलजवळ राहणाऱ्या लेस्टर राउनट्री यांनीही हीच दृष्टी ठेवली. वर्षातील बराच काळ एकटीने डोंगरांत हिंडून राउनट्रीबाई बिया गोळा करीत आणि १९३६ मधील ‘हार्डी कॅलिफोर्नियन्स’ या ग्रंथात त्यांनी त्या वनस्पतींचे वर्णन केले.

तरीही हे सारे व्यक्तींचे कार्य होते. त्याला समाजाचे रूप येण्यास एका बागेवरील संकट निमित्त झाले. बर्कलीच्या डोंगरांतील टिल्डन उद्यानात जेम्स रूफ यांनी १९४० पासून केवळ कॅलिफोर्नियाच्या वनस्पतींची बाग वाढवली होती. १९६० च्या दशकात ती दुसरीकडे हलवण्याचा प्रस्ताव पुढे येताच वनस्पतिशास्त्रज्ञ, माळी आणि सामान्य नागरिक एकत्र आले, बाग जागच्या जागी राहिली आणि त्या चळवळीतून १९६५ मध्ये कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटी स्थापन झाली. वनस्पतींच्या उत्क्रांतीचे विख्यात अभ्यासक लेडयार्ड स्टेबिन्स हे तिचे आरंभीचे एक अध्यक्ष. संस्थेने १९७४ मध्ये दुर्मीळ वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली, १९७७ मध्ये राज्याने देशी वनस्पतींच्या संरक्षणाचा कायदा केला आणि जिल्हावार शाखांचे जाळे पसरत गेले. या शाखांना निधी हवा होता, सदस्य हवे होते आणि आपले म्हणणे शेजाऱ्यापर्यंत पोहोचवणारे साधन हवे होते. रोपविक्रीने या तिन्ही गरजा एकाच वेळी भागवल्या.

विक्रीचा हंगाम हवामानाने ठरवलेला आहे. महाराष्ट्रात मृगाचा पाऊस पडला की झाडे लावतात. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, म्हणून तेथील मुख्य विक्री ऑक्टोबरच्या सुमारास भरते. त्या वेळी लावलेल्या रोपाची मुळे हिवाळी ओलीत खोल जातात आणि पुढचा उन्हाळा ते कमी पाण्यावर काढते. वसंतात, सारे काही फुललेले असताना, ग्राहक अधिक येतात, पण तेव्हा नेलेले रोप लगेच उन्हाळ्याच्या तोंडी सापडते. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाट पाहायला शिकवणे हाही विक्रेत्यांच्या कामाचा भाग झाला.

या विक्रीमागे वर्षभराची मेहनत असते. स्वयंसेवक जमीनमालकाच्या किंवा उद्यान खात्याच्या परवानगीने थोडेसेच बी गोळा करतात, जेणेकरून रानात पुरेसे बी उरावे. सिअ‍ॅनोथस या निळ्या फुलांच्या झुडपाचे टणक बी वणव्याच्या उष्णतेने जागे होते, म्हणून ते कढत पाण्यात भिजवतात. काही बियांना रुजण्यापूर्वी कित्येक आठवडे थंड आणि ओल्या जागी ठेवावे लागते, म्हणजे त्यांना कृत्रिम हिवाळा द्यावा लागतो. मँझनिटासारखी झुडपे बहुधा छाटकलमांनी वाढवतात. एकेका जातीची मोजकीच रोपे तयार करण्याचा हा उद्योग व्यापारी रोपवाटिकेला परवडत नाही, आणि म्हणूनच जे रोप दुकानात मिळत नाही ते येथे मिळते. सदस्यांना सामान्य ग्राहकांच्या आधी प्रवेश देण्याची प्रथा अनेक शाखांत आहे. ग्राहक घरून खोकी घेऊन येतात आणि विक्रेताच त्यांना माती, ऊन व पाणी यांविषयी सल्ला देतो.

या विक्रीला व्यापक मागणी मिळवून देण्यात दुष्काळाचा वाटा मोठा होता. १९७६-७७ च्या अवर्षणाने हिरवळीच्या बागेवर प्रथमच मोठे प्रश्नचिन्ह उमटवले. पुढे २०१५ मध्ये राज्यपालांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची केली आणि अनेक पाणीपुरवठा संस्थांनी हिरवळ काढणाऱ्यांना अनुदान दिले, तेव्हा देशी रोप ही हौशी अभ्यासकांपुरती राहिलेली वस्तू नागरी गरज बनली. त्याच सुमारास फुलपाखरे व मधमाश्या यांची घट लोकांच्या नजरेत आली आणि रोपाचे मूल्य त्यावर पोसणाऱ्या कीटकांवरूनही मोजले जाऊ लागले. मोनार्क फुलपाखराची अळी रुईच्या कुळातील मिल्कवीड या वनस्पतींवरच वाढते. महाराष्ट्रात बागांतून दिसणारे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हळदीकुंकू हे त्यांपैकीच एक. कॅलिफोर्नियाच्या सौम्य हिवाळ्यात ते मरत नाही, त्यामुळे त्यावर मोनार्कचा एक परजीवी साचत जातो. म्हणून शाखांच्या विक्रीत हिवाळ्यात सुकून जाणारे अरुंद पानांचे देशी मिल्कवीड पुढे केले जाते.

मागणी वाढली तसा ‘देशी’पणाचा निकषही कठोर होत गेला. कॅलिफोर्नियात सुमारे साडेसहा हजार प्रकारच्या देशी वनस्पती आहेत. पण वाळवंटातील वनस्पती किनाऱ्यावर देशी म्हणावी काय, हा प्रश्न राज्याची सीमा सोडवू शकत नाही. बर्कलीजवळची ‘नेटिव्ह हिअर’ ही सोसायटीच्या स्थानिक शाखेची रोपवाटिका आसपासच्या दोन जिल्ह्यांतूनच बी घेते आणि ते कोठून आणले याची नोंद ठेवते. एकाच जातीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांत फुलण्याचा काळ आणि दुष्काळ सोसण्याची शक्ती वेगळी असू शकते, हा त्यामागचा विचार आहे. छाटकलमांनी पसरवलेले देखणे वाण जनुकीयदृष्ट्या एकसारखे असते, त्यामुळे घरच्या बागेला ते चालते, पण जंगलाच्या पुनरुज्जीवनाला पुरत नाही, हा भेदही याच चर्चेत स्पष्ट झाला.

रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपाने रानाचे नुकसान होत नाही, या विश्वासाला सर्वांत मोठा धक्का रोपवाटिकेतूनच बसला. फायटॉप्थोरा हा बुरशीसारखा दिसणारा, पाण्यावाटे पसरणारा सूक्ष्मजीव आहे. कोकणातील सुपारीच्या कोळेरोगामागे याच वंशातील जीव असतो. २०१२ मध्ये माँटेरे जिल्ह्यातील एका रोपवाटिकेत त्याची अमेरिकेत पूर्वी न आढळलेली एक जाती सापडली आणि पुनरुज्जीवनासाठी लावलेल्या रोपांबरोबर मुळांचा रोग रानात जात असल्याचे तपासांतून उघड झाले. त्यानंतर कुंड्या निर्जंतुक करणे, मातीमिश्रण वाफेवर तापवणे, रोपे जमिनीपासून उंच बाकांवर ठेवणे, सदस्यांच्या घरची रोपे विक्रीत न स्वीकारणे असे नियम अनेक शाखांच्या कामात आले. आपल्या अंगणात वाढवलेले रोप विक्रीला देण्याचा जुना आपलेपणा त्यामुळे आटला.

पर्डींच्या काळात रान लुटले जाण्याचे भय होते, आता रानात रोग सोडला जाण्याचे भय आहे. दोन्ही वेळा प्रश्न रोपाच्या उगमाचाच राहिला. सामुदायिक विक्रीचे श्रेय असे की, तो प्रश्न तिने तज्ज्ञांच्या दालनातून बाहेर आणून पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या तोंडी घातला. रोपाच्या किमतीपूर्वी त्याचे बी कोठले आणि ते कोणी, कसे वाढवले हे विचारणारा ग्राहक घडवणे हे कायद्याला किंवा दुकानाला सहज जमणारे काम नव्हते, आणि ज्या शाखांनी कमी रोपे विकून का होईना ही चौकशी जिवंत ठेवली, त्यांनीच या विक्रीचा मूळ हेतू राखला.