नकाशा मंजूर होईपर्यंत

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं मॉरिसव्हिल मूळचं रेल्वेचं गाव. 1852 मध्ये जेरेमाया मॉरिस यांनी स्टेशनासाठी जमीन दिली, म्हणून हे नाव. एप्रिल 1865 मध्ये, अमेरिकी यादवी युद्ध संपत आलेलं असताना, याच स्टेशनापाशी चकमक झडली. पुढे 1959 मध्ये शेजारी रिसर्च ट्रँगल पार्कची स्थापना झाली आणि नोकरीच्या निमित्ताने आपली माणसं इकडे येऊ लागली.

त्या पहिल्या पिढीतले आमचे एक काका मूळचे वाईचे, पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. ते सांगतात, "तेव्हा गणपती कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बसायचा." काकू लगेच पुस्ती जोडतात, "आणि मोदकांची पिठी मिळायची नाही. तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरवर काढायचो."

मग एव्हिएशन पार्कवेवर हिंदू भवन झालं. गावाला लागून असलेल्या केरीत 2009 मध्ये वेंकटेश्वराचं देऊळ खुलं झालं आणि 2022 च्या दिवाळीत त्याच्या 87 फुटी गोपुराचं उद्घाटन गव्हर्नर रॉय कूपर यांनी केलं.

या गोपुराखाली उभं राहिलं की काका बोलू लागतात. "सगळ्यांना मूर्ती दिसतात, मला वारा दिसतो." सप्टेंबर 1996 मध्ये फ्रॅन चक्रीवादळ रालेवरून गेलं. मुळासकट आडवी झालेली झाडं त्यांना अजून आठवतात. उंच बांधकामाला नुसतं वजन पेलून भागत नाही, वाऱ्याचा आडवा रेटाही सोसावा लागतो. त्यात या पट्ट्यातली चिकणमाती आपल्या काळ्या मातीसारखी पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून आधी मातीची परीक्षा, मग पाया.

नियमांचंही तसंच. सरकारदरबारी देऊळ म्हणजे लोक जमण्याची जागा. किती माणसं मावणार, त्यावर दारांची संख्या आणि रुंदी ठरते. वाड्याचा दिंडीदरवाजा आत उघडतो. इथे गर्दीच्या जागेचं दार बाहेरच उघडायला हवं, कारण आग लागली तर मागून लोटणाऱ्या माणसांच्या रेट्यानेही ते उघडलं पाहिजे. होमाचा धूर कुठून जाणार, याचाही विचार नकाशा काढतानाच करावा लागतो.

गोपुरावरचं, भारतातून आलेल्या शिल्पींचं काम मात्र काकांना परकं वाटत नाही. पेशवाईतल्या देवळांची शिखरंही विटा-चुन्याचीच, कोनाड्यांतल्या मूर्तीही गिलाव्यातून घडवलेल्या. फरक हवेचा. इथल्या थंडीत ओल्या गिलाव्यातलं पाणी गोठलं, तर थर भुसभुशीत होतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत काम झाकून ऊब द्यायची, नाहीतर थांबवायचं.

परदेशातलं देऊळ जितकं स्थपतीचं, तितकंच नकाशा मंजूर व्हावा म्हणून नोकरी सांभाळून संध्याकाळी नगरपालिकेच्या सुनावणीला जाऊन बसणाऱ्यांचं आहे, असं मला मनापासून वाटतं. देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरली जातात. या माणसांची खटपट फक्त त्यांच्या आठवणीत आहे. ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. तिच्याजवळ बसून हे सगळं विचारून, लिहून ठेवण्याचं काम आपलं आहे, आणि ते आत्ताच करायला हवं.