वाशिष्ठीकाठच्या दोन बीबी

कोकणातल्या खाड्यांवर लिहिताना आपण बहुतेक वेळा किल्ले मोजतो, तारखा लिहितो आणि पुढे जातो. वाशिष्ठीच्या खोऱ्यात मात्र किल्ल्यांइतक्याच गोष्टी भेटतात. परशुरामापासून दाभोळपर्यंत गाडीने जायला अर्धा दिवस पुरतो. या वाटेवर मला दोन बीबी भेटल्या. दोघींचा संबंध समुद्राशी आहे. एकीचे नाव मशिदीशी जोडलेले आहे, तर दुसरीचे देवळाशी.

आधी देवळाची गोष्ट. मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणच्या अलीकडे, घाटमाथ्यावर श्री परशुरामाचे मंदिर आहे. स्थानिक लोक सांगतात की आदिलशाही घराण्यातल्या एका बीबीची गलबते समुद्रात हरवली. कुणी तिला विजापूरची म्हणते, तर कुणी जंजिऱ्याची. कुणीतरी तिला परशुरामाला नवस करायला सांगितले. गलबते सुखरूप परत आली आणि बीबीने देऊळ बांधायला पैसा दिला. बांधणारे कारागीर फिरंगी होते, असेही या गोष्टीत येते. देव हिंदूंचा, पैसा मुसलमानाचा आणि हात ख्रिस्ती कारागिराचा, असे येथे आजही अभिमानाने सांगितले जाते. देवळाचे घुमटासारखे शिखर पाहिले की ही गोष्ट लोकांना पटत आली असेल, हे समजते.

पण याच देवळाचा दुसरा इतिहासही आहे, आणि तो दंतकथा नाही. १७२७ साली महाशिवरात्रीला अंजनवेलचा सुभेदार सिद्दी सात याने परशुरामावर हल्ला करून देवस्थान लुटले. निमित्त होते एका हत्तीवरून सिद्दी आणि आंग्रे यांच्यात झालेल्या तंट्याचे. ब्रह्मेंद्रस्वामी तेव्हा येथेच राहत. या लुटीनंतर त्यांनी कोकण सोडले आणि ते साताऱ्याजवळ धावडशीला गेले. पुढे १७३६ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. विशेष म्हणजे ज्या जंजिऱ्याच्या वतीने सिद्दी सात कारभार करत होता, त्याच जंजिऱ्याच्या दरबारात पूर्वी स्वामींना मान होता.

घाट उतरून वाशिष्ठीवरचा पूल ओलांडला की बहादूरशेख नाका लागतो. येथून एक रस्ता कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जातो. घाटावरचा माल पूर्वी याच घाटाने खाली येई आणि खाडीतून समुद्राला लागे. चिपळूणचे बंदर म्हणजे गोवळकोट. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या टेकडीवर सिद्दीचा किल्ला आहे, वर रेडजाईचे देऊळ आहे आणि पायथ्याला करंजेश्वरी. गावात मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तुळाजी आंग्र्यांनी हा किल्ला घेऊन त्याला गोविंदगड नाव दिले. खाडीच्या मुखावरचा अंजनवेलचा किल्लाही त्यांनी १७४५ मध्ये घेतला आणि त्याचे नाव गोपाळगड ठेवले.

गुहागरच्या रस्त्याने पुढे धोपाव्याला पोचले की गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे दाभोळला उतरता येते. आज शांत दिसणारे हे गाव एके काळी मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात येथूनच होर्मुझला जाणाऱ्या गलबतात बसला. मिसर, अरबस्तान, खुरासानचे घोडे येथे येत, असे त्याने नोंदवले आहे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाने हे शहर जाळले आणि कत्तल केली. चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा सूड दाभोळने भोगला.

धक्क्याजवळच शाही मशीद आहे. कुणी तिला अंडा मशीद म्हणते, कुणी माँसाहेबांची मशीद. येथे दुसरी बीबी भेटते. विजापूरची शहजादी आयेशाबीबी १६५९ मध्ये हजला निघाली. तिच्याबरोबर वीस हजार स्वार होते. समुद्रावर चाच्यांचे भय असल्याने तिला पुढे जाता येईना. तेव्हा काझी-मौलवींच्या सल्ल्याने तिने हजचा पैसा या मशिदीला लावला. चार वर्षे काम चालले आणि पंधरा लाख रुपये खर्च झाले.

ही गोष्ट तपासली तर अडते. १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखान मारला गेला आणि त्यानंतर लवकरच या किनाऱ्यावर शिवाजी महाराजांचा अंमल बसू लागला. अशा धामधुमीत विजापूरच्या पैशाने चार वर्षे निवांत बांधकाम चालेल, हे मला पटत नाही. वीस हजार स्वारांचा मुक्काम या चिंचोळ्या किनारपट्टीवर पडला, हेही नाही. दुसरीकडे, मुहम्मद आदिलशाहाची बेगम बडी साहिबा त्याच सुमारास हजला गेली, ही नोंद इतिहासात आहे. तिच्या प्रवासाची आठवण या गोष्टीत मिसळली असावी, असा माझा तर्क आहे.

मग दंतकथा खोटी म्हणून टाकून द्यायची का? मला तसे वाटत नाही. बीबीने देऊळ बांधले का, हे गोष्टीवरून सिद्ध होत नाही. पण बीबी देऊळ बांधू शकते, हे या खोऱ्यातल्या हिंदू-मुसलमान दोघांनाही अशक्य वाटले नाही, हे मात्र सिद्ध होते. शिवाय सिद्दी सातने देवस्थान लुटल्यावरही ही गोष्ट मेली नाही. लुटीची आठवण आणि नवसाची आठवण त्याच डोंगरावर एकत्र नांदली.

आज मोबाइलवर फिरणाऱ्या इतिहासात यातली एकच आठवण येते. कुणाला फक्त सिद्दी सात हवा असतो, तर आमच्यातल्या काहींना फक्त बीबी. लूट झाली हे मुसलमान म्हणून मी लपवणार नाही. तो सत्तेच्या भांडणाचा भाग होता, हे सांगितल्याने ती कमीही होत नाही. पण तेवढेच सांगून थांबणाऱ्याला परशुरामाच्या देवळात बीबीचे नाव कोण घेते, असे मी जरूर विचारीन. तिचे नाव मी तेथे घेतलेले ऐकले, ते मुसलमानांच्या तोंडून नव्हे.

दाभोळला गेलात तर मशीद पाहून चंडिकादेवीच्या गुहेतही जा. आत फक्त समईचा उजेड असतो. वाट दाखवायला गावातले कुणीही येईल. त्यालाच आयेशाबीबीची गोष्टही विचारा.