सर्पगंधेचा प्रवास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक काका, निवृत्त मुख्याध्यापक, सकाळी अंथरुणातून उठताना चक्कर येऊन पडले. हाड मोडले नाही एवढे नशीब. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा शंभराच्याही खाली! वास्तविक काकांना उच्च रक्तदाब होता. गेली आठ वर्षे ते डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकता घेत होते. मग हे उलटेच कसे घडले?

उलगडा उशाशी ठेवलेल्या एका डबीने केला. कुणीतरी सुचवलेल्या ‘नैसर्गिक’ गोळ्या काका महिनाभर घेत होते. डबीवरच्या बारीक अक्षरांत घटकद्रव्यांची यादी होती. पहिलेच नाव : सर्पगंधा. मी विचारले, तेव्हा काका म्हणाले, “अगं, झाडपाल्याचं औषध ते. त्याचा कसला अपाय?” डॉक्टरांना त्यांनी हे सांगितले नव्हते, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती. आणि खरे सांगायचे तर डॉक्टरांनीही कधी विचारले नव्हते.

काकांच्या मनात दोन स्वतंत्र खाती होती : डॉक्टरांची गोळी या खात्यात, झाडपाला त्या खात्यात. पोटात गेल्यावर ही खाती राहत नाहीत. सर्पगंधेचा इतिहास काकांना ठाऊक असता तर ते इतके निर्धास्त राहिले नसते, कारण काही काळ जगभरच्या इस्पितळांतून रक्तदाबासाठी सर्रास दिले जाणारे औषध याच झाडाच्या मुळातून आले होते.

सर्पगंधा हे कण्हेरीच्या कुळातले हात-दीड हात उंचीचे झुडूप. कोकणात आणि पश्चिम घाटाच्या दमट जंगलात ते आढळते. मराठीत त्याला अडकई किंवा हरकी असेही म्हणतात. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात ‘सापाचे लाकूड’ म्हणून ज्या वनस्पतींचे वर्णन केले, त्यांतली एक हीच असावी असे अभ्यासक मानतात. सर्पदंश, ताप आणि वेड या तीन तक्रारींवर हे मूळ वापरले जाई. बिहारमध्ये तर त्याचे नावच ‘पागल की दवा’ असे पडले. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस याचे पान चघळते, अशी कथाही आहे.

यांतले सर्पदंशाचे म्हणणे टिकले नाही, हे वर्गात आवर्जून सांगावे. सर्पगंधा हा सर्पविषावरचा उतारा नाही. नाग चावला तर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय. वेडाबाबतचे म्हणणे मात्र खरे निघाले. परंपरेने दिलेली गोष्ट म्हणून दोन्हींची किंमत सारखीच होती. कोणती खरी, हे तपासल्यावाचून कळण्याचा मार्ग नव्हता.

आणि रक्तदाब? तो त्या यादीत असणे शक्यच नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. कोपराच्या खळीत नळी लावून आवाज ऐकण्याची युक्ती रशियन डॉक्टर कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्याआधी ‘उच्च रक्तदाब’ हे निदान होणार कसे? म्हणून ‘आमच्या पूर्वजांना रक्तदाबावरचे औषध माहीत होते’ हे वाक्य मला खटकते. त्यांना मूळ माहीत होते. मोजपट्टी दुसरीकडून आली.

या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या कलकत्त्यात. कविराज गणनाथ सेन हे संस्कृतचे पंडित, आयुर्वेदाचे वैद्य आणि मेडिकल कॉलेजात रीतसर शिकलेले डॉक्टरही. त्यांनी ‘प्रत्यक्ष शारीरम्’ हा शरीररचनेवरचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सर्पगंधेच्या मुळाचे चूर्ण दिल्यावर वेडाचे झटके येणारे रुग्ण शांत होतात आणि त्यांचा रक्तदाबही उतरतो, असे त्यात नोंदवले होते. एकाच माणसाच्या हातात खल आणि रक्तदाबाचा पारा दोन्ही होते, म्हणून हे दिसले.

त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी याच मुळातून शुद्ध स्फटिकरूप अल्कलॉइड वेगळे केले. सलीमुज्जमान जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आले होते आणि हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात काम करत होते. आयुर्वेद आणि युनानी एका छपराखाली शिकवणारे आणि आधुनिक प्रयोगशाळा जवळ करणारे हे कॉलेज. हकीमसाहेब १९२७ मध्ये वारले होते. सिद्दीकींनी एका अल्कलॉइडला ‘अजमलीन’ असे त्यांचे नाव दिले.

आता गोष्ट संपायला हवी होती. मूळ मिळाले, स्फटिक मिळाले, राहिले काय? पण इथेच घोटाळा झाला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून प्राण्यांवर प्रयोग केले. मुळाचा अर्क रक्तदाब उतरवतो आणि गुंगी आणतो हे पक्के झाले. परंतु शुद्ध स्फटिकांमध्ये ती गुंगी आणणारी शक्ती काही दिसेना. पुढे १९४३ च्या सुमारास लक्षात आले की ती शक्ती राळेसारख्या चिकट गाळात आहे. स्फटिक वेगळे केल्यावर मागे उरणारा हा गाळ. ज्याला रसायनशास्त्रज्ञ नाक मुरडतो, तोच!

मी स्वतः प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हा भाग मला फार जवळचा वाटतो. चकाकणारे स्फटिक मिळाले की आपण खूश होतो आणि भांडे धुऊन टाकतो. ‘मुळाचे चूर्ण द्या, तेच चांगले’ म्हणणारे वैद्य या बाबतीत बरोबर होते. पण ते बरोबर आहेत म्हणून शोध थांबवला असता, तर गाळात काय आहे ते कळले नसते. स्विस कंपनी सिबाच्या बाझेल येथील प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्याच गाळातून १९५२ मध्ये एक नवे अल्कलॉइड मिळवले. त्याचे नाव रिसर्पीन. मिलिग्रॅमच्या अंशाएवढी मात्राही त्याला पुरे होते. १९५६ मध्ये अमेरिकेतील वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवूनही दाखवले. (अजमलीनही वाया गेले नाही. हृदयाच्या ठोक्यातील एका विशिष्ट दोषाच्या निदानासाठी ते पुढे वापरात आले.)

मधला दुवा मात्र आपल्या मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे लंडनला शिकून आलेले, के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ. अनेक वर्षे सर्पगंधेच्या गोळ्या रुग्णांना दिल्यावर त्यांनी ५० रुग्णांच्या नोंदी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये १९४९ साली छापल्या. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा रक्तदाब उतरला होता. औषध बंद केल्यावरही परिणाम काही आठवडे टिकत होता. सेन-बोस यांचा निबंध भारताबाहेर फारसा कुणी वाचला नव्हता. हा लेख वाचला गेला. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांवर प्रयोग केले. त्यांना असे दिसले की हे औषध एकटे सौम्य आहे, पण दुसऱ्या रक्तदाबाच्या औषधाबरोबर दिल्यास चांगला जोर धरते. काकांच्या अंथरुणाशेजारी जे घडले, ते बोस्टनमध्ये सत्तर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते! वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या किती विद्यार्थ्यांना त्यांचे नाव माहीत असते?

रिसर्पीन काम कसे करते? चेतातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरॲड्रेनलीन, सेरोटोनिन, डोपामिन अशी निरोप्या रसायने साठवलेली असतात. या पिशव्या भरणारा एक पंप असतो. रिसर्पीन तो पंपच बंद पाडते. गच्चीवरच्या टाकीचा पंप बिघडला तर नळ लगेच कोरडा पडत नाही, आणि नवा पंप बसवल्यावरही टाकी भरायला वेळ लागतो. तसेच इथे. परिणाम सावकाश दिसतो आणि औषध सोडल्यावरही रेंगाळतो. रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ असा निरोप जाईनासा होतो, त्या सैलावतात, दाब उतरतो. मेंदूतील टाक्याही रिकाम्या होतात, म्हणून मन शांत होते.

कधी जास्तच शांत होते. मोठ्या मात्रेत रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नतेने घेरले, अशा नोंदी १९५० च्या दशकातच येऊ लागल्या. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पीन देऊन ससे निश्चल केले आणि एल-डोपा टोचून थोड्याच वेळात त्यांना पुन्हा हिंडते-फिरते केले. त्यातून मेंदूतील डोपामिनचे काम कळले, कंपवाताच्या उपचाराची दिशा सापडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

रक्तदाबावर उपचार केल्याने माणसे खरोखर वाचतात का, हा प्रश्न सुटला त्यातही सर्पगंधेचा वाटा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १४३ रुग्णांच्या चाचणीचा निकाल १९६७ मध्ये आला. त्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता. ७३ जणांना तीन औषधे एकत्र दिली, त्यांतले एक रिसर्पीन. ७० जणांना दिसायला तशाच पण निष्क्रिय गोळ्या. गंभीर त्रास पहिल्या गटात दोघांना झाला, दुसऱ्यात २७ जणांना.

पुढे अधिक सोयीची औषधे आली. १९७४ मध्ये रिसर्पीनमुळे स्तनाचा कर्करोग होतो अशी शंकाही उठली. ती नंतरच्या अभ्यासांत टिकली नाही, पण औषध मागे पडले ते पडलेच. तोवर झाडाचे हाल झाले होते. औषध मुळात, म्हणजे झाड उपटल्याशिवाय ते मिळत नाही. भारताने निर्यातीवर निर्बंध घातले, कारखाने आफ्रिकेतील भावंड-जातीकडे वळले, आणि वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आपल्या सर्पगंधेचे नाव गेले.

काकांच्या डबीवर सर्पगंधेच्या चूर्णाचे वजन दिले होते, रिसर्पीन किती ते नव्हते. एकाच वजनाच्या दोन मुळांत ते सारखे नसते. जमीन, हंगाम, झाडाचे वय यांनुसार बदलते. ती डबी बंद केल्यावरही दाब पूर्ववत व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. मग मी त्यांना वहीच्या कागदावर सगळे लिहायला सांगितले : रक्तदाबाची गोळी, त्रिफळा, गुडघ्याचे तेल, अधूनमधून घेतलेली डोकेदुखीची गोळी, सगळे. मुख्याध्यापकी अक्षरात, अनुक्रमांक घालून त्यांनी ती यादी डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी ती शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि विचारले, “आणि काढे?”

काका काकूंकडे पाहू लागले.