घाट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. शाळेत आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो तेही हेच. पण माणसाच्या देहालाही इतिहास असतो. देह कसा असावा, कोणत्या अवयवाला सुंदर म्हणावे, बिघडलेला अवयव कोणी आणि कशाने सुधारावा, याविषयीच्या कल्पना राजवटींसारख्याच येतात आणि जातात. त्यातलेच एक प्रकरण आज वाचकांपुढे ठेवायचे आहे: स्त्रीच्या स्तनांना शस्त्रक्रियेने हवा तसा घाट देण्याचे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे एखाद्या वडीलधाऱ्यांना वाटेल. परंतु ज्या गोष्टीच्या जाहिराती आज मुलीबाळींच्या हातातल्या फोनवर येतात, तिच्याविषयी घरात मात्र कोणी चकार शब्द काढू नये, हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे.

या कथेचा आरंभ नाकापासून होतो, आणि तोही आपल्या पुण्याजवळ. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी इंग्रजी फौजेबरोबरचा एक बैल हाकणारा पकडला आणि त्याचे नाक व एक हात छाटून टाकला. त्याचे नाव कावसजी. नावावरून पारशी वाटावा, पण इंग्रजी वृत्तांतात त्याला मराठा शेतकरी म्हटले आहे. आपल्या भाषेत अब्रू गेली की नाक कापले गेले असे म्हणतात; या बिचाऱ्याच्या बाबतीत म्हण आणि वस्तुस्थिती एकच झाली. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर ही क्रिया डोळे विस्फारून पाहत होते. पुढे ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत छापली, आणि पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र रेखाटले.

ती क्रिया ऐकण्यासारखी आहे. कारागिराने मेणाची पातळ पट्टी घेऊन कावसजीच्या उरलेल्या नाकावर नाकाचा आकार बसवला. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेने रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी कापली नाही, कारण रक्त तिच्यातूनच खेळत राहायचे होते. ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या चिंध्या, विड्यात घालतो त्याच काताच्या! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली, आणि नाक स्वतंत्र झाले. सुश्रुतसंहितेतही नाक जोडण्याची रीत आहे. तिथे नाकाएवढे झाडाचे पान घेऊन त्या मापाने गालाची कातडी काढायला सांगितली आहे. पान असो की मेण, माप रोग्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरून घेतलेले आहे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हा वृत्तांत वाचून १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. या विद्येला पुढे ‘प्लास्टिक सर्जरी’ हे नाव पडले. त्यातल्या ‘प्लास्टिक’चा आपल्या बादल्या-डब्यांशी काही संबंध नाही, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मातीसारख्या वस्तूला आकार देणे असा आहे. विटा पाडणाऱ्याच्या विद्येला याहून शोभणारे नाव कोणते मिळाले असते?

आता नाकाकडून स्तनाकडे येऊ. सुश्रुताने स्तनांच्या रोगांची चिकित्सा सांगितली, घाटाची नाही. घाट सांगण्याचे काम कवींनी आणि मूर्तिकारांनी केले. संस्कृत कवींना स्तनांसाठी कुंभाची उपमा सुचली, आणि मूर्तिकारांनी तो कुंभ दगडात कोरला. पण दगडाला लेकरे होत नाहीत, दगडाचे वय वाढत नाही. जिवंत बाईला मात्र ते माप शतकानुशतके लावले गेले. गंमत अशी, की स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचे एक अगदी जुने वर्णन सातव्या शतकातल्या पॉल नावाच्या ग्रीक वैद्याने करून ठेवले आहे, आणि ते पुरुषांसाठी आहे! ज्याची छाती बाईसारखी वाढली त्याला लाज वाटते, म्हणून.

स्त्रीच्या वाट्याला ही विद्या आली ती १८९५ साली, जर्मनीतल्या हायडेलबर्गला. विन्सेन्ट्स चेर्नी या शल्यवैद्याने एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढली, आणि पडलेला खळगा तिच्याच पाठीवरच्या चरबीच्या गाठीने भरला. इथेही जे घेतले ते तिच्याच देहातून, आणि जे भरून काढले ते गमावलेले होते. पण पुढच्या पाऊलवाटा वेगळ्या फुटल्या. व्हिएन्नाच्या गेर्सुनीने १८९९ पासून पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचे मेण ज्या जातीचे ते, देहात टोचून आकार देण्याची टूम काढली. ती स्तनांसाठीही वापरली गेली. मेण आत सरकले, गाठी झाल्या, जखमा चिघळल्या, आणि ती टूम सोडून द्यावी लागली.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला सिलिकोनची पहिली पिशवी एका बाईच्या छातीत बसवण्यात आली. रक्त साठवण्याची प्लास्टिकची पिशवी हाताला कशी मऊ लागते, यावरून डॉक्टर गेरो यांना ही कल्पना सुचली. क्रोनिन हे त्यांचे वरिष्ठ. ती बाई खरे म्हणजे छातीवरचे गोंदण काढून घ्यायला आली होती. पिशव्यांचे विचारले तेव्हा ती म्हणाली, त्यापेक्षा माझे पुढे आलेले कान बसवा! डॉक्टरांनी दोन्ही केले. आमच्या देवरी-सालेकसा भागातल्या गोंड म्हाताऱ्या ज्या गोंदणाला मेल्यावरही सोबत येणारा दागिना मानतात, तेच गोंदण तिकडे एका बाईला नकोसे झाले होते. एकीचा दागिना तो दुसरीचा डाग. देहाच्या सौंदर्याची मापे किती ठिकाणी किती वेगळी असतात!

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. १९९२ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनाने सिलिकोनच्या पिशव्यांवर, विशेष कारणे वगळता, बंदी घातली. २००६ मध्ये ती उठवली. २०१० मध्ये फ्रान्समधल्या एका कंपनीने पिशव्यांत कारखान्यांत वापरायचे सिलिकोन भरल्याचे उघडकीस आले आणि तिचा मालक पुढे तुरुंगात गेला. २०१९ मध्ये एका प्रकारच्या खरबरीत पिशव्या बाजारातून परत मागवल्या गेल्या, कारण त्यांच्यामुळे एक दुर्मिळ जातीचा कर्करोग होतो असे दिसून आले.

ज्यांना पिशवी नको, फक्त ओघळलेला घाट वर उचलून हवा, त्यांच्यासाठीही रीत निघाली. १९५६ मध्ये रॉबर्ट वाइज या डॉक्टरांनी कातडी कशी आखावी आणि कापावी याचा एक नमुना प्रसिद्ध केला. तो त्यांनी कशावरून घेतला? काचोळीच्या कापडाच्या बेतावरून! आमचा शिंपी ‘कटोरी’ ब्लाउज बेततो, तशीच ही आखणी. पूर्वी देहाचे माप घेऊन चोळी शिवत. आता चोळीचे माप घेऊन देह शिवायचा, असा हा उलटा प्रवास. जिला स्तनांच्या भाराने मान-पाठ धरते, खांद्यांवर वळ उठतात, तिला याच नमुन्याने पुष्कळ सुख दिले आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

ही विद्या आपल्यापासून दूर नाही. भारतातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात उभा केला. ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांच्या व्यंगांची त्यांनी केलेली मांडणी डॉक्टरांच्या पुस्तकांत ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखली जाते. भाजलेल्यांची कातडी आणि फाटलेले ओठ, ही अशा विभागांची खरी पुंजी. कर्करोगाने स्तन गमावलेल्या स्त्रीला पाठीच्या स्नायूपासून नवा स्तन घडवून देण्याची, इटलीच्या तान्सिनीने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवलेली वाटही याच विद्येची. २०१८ मध्ये तर चेन्नईच्या स्टॅन्ली या सरकारी रुग्णालयात स्तनांच्या आकाराची शस्त्रक्रिया गरिबांना मोफत करून देण्याचे जाहीर झाले. तेव्हा बरीच टीका झाली. सौंदर्य काय श्रीमंतांनीच मिरवावे, असे त्यावर मंत्र्यांचे म्हणणे पडले.

गोंदियाहून नागपूर आगगाडीने जेमतेम दोन-अडीच तासांवर. मी शिकवलेली, आता दोन लेकरांची आई असलेली एक मुलगी मध्यंतरी मला भेटली. नागपूरला जाऊन घाट ठीक करून घ्यावा असे तिच्या मनात होते. खालच्या आवाजात तिने विचारले, “बाई, मी काही वंगाळ विचार करून राहिली का?”

वंगाळ काय त्यात? कावसजीला चार माणसांत तोंड दाखवावेसे वाटले. हिला आरशासमोर उभे राहावेसे वाटते. गरज आणि हौस यांच्यामधली रेघ आपण सांगतो तितकी सरळ नाही. पण मी तिला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली: लेकरांना पाजल्याने घाट गेला, हा समज धरू नकोस. वाढते वय, वजन, तंबाखूचा धूर आणि खुद्द बाळंतपणे यांनी स्तन ओघळतात. पाजण्याचा त्यात वेगळा दोष अभ्यासकांना दिसलेला नाही. उद्या सून पाजायला कचरली तर तिलाही हे सांग. दुसरी: सगळी किंमत आधी विचार, आणि रुपयांपुरती विचारू नकोस. वर उचललेल्या घाटाचे व्रण राहतात, बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, पुढे मूल झाले तर पाजणे अवघड होऊ शकते. पिशवी जन्मभराची नसते. तिच्याभोवती देह कवच धरतो, ते कधी आवळते, आणि कधी ना कधी पुन्हा टेबलावर जावे लागण्याची शक्यता असते. हे सगळे न विचारता सांगतो तो डॉक्टर. न सांगता पैसे भरायला लावतो तो दुकानदार.

तिसरी गोष्ट मापाची. पुण्याच्या त्या कारागिराने मेण कावसजीच्याच चेहऱ्यावर बसवून पाहिले होते. तू कोणाचे माप घेऊन निघालीस? सिनेमातल्या नटीचे, फोनवरच्या चित्राचे, की नवऱ्याच्या एखाद्या बोलण्याचे? दुसऱ्याचे माप असेल तर ते दहा वर्षांनी बदलेल, व्रण मात्र तुझ्या अंगावर राहील. आणि तुझेच असेल, नीट तपासून, सगळे विचारून तुझेच निघाले, तर मग लाजू नकोस, कोणाची परवानगीही मागू नकोस.

ती काही बोलली नाही. नागपूरला ती गेली की नाही, हे मी विचारलेले नाही, आणि विचारणारही नाही. यंदा दिवाळीच्या पणत्या घेताना कुंभाराच्या टोपलीतल्या दोन पणत्या काही मला सारख्या दिसल्या नाहीत. तेल सगळ्यांत सारखेच राहिले, आणि वातीही सारख्याच जळल्या.