पीर पंजालची वाट : नाव मुघलांचे, पावले कुणाची?

महाराष्ट्रात डोंगर चढणाऱ्यांची कमी नाही. शनिवार-रविवारी गड आणि घाटवाटा पालथ्या घालणारे असंख्य तरुण आहेत. त्यांतले काही उन्हाळ्यात काश्मीरला जातात आणि गुलमर्गची गर्दी टाळून शोपियानमार्गे ‘पीर की गली’ या खिंडीकडे वळतात. खिंडीच्या आसपास नंदनसरसारखी तळी आहेत आणि त्यांच्याकडे पायवाटा फुटतात. खिंडीपर्यंत पोहोचवणाऱ्या रस्त्याचे नाव आहे ‘मुघल रोड’. हे नाव ऐकले की कुणाची छाती फुगते, कुणाच्या कपाळावर आठी पडते. दोघेही वाटेचा हिशेब बादशहाच्या नावावरून करतात. खुद्द वाटेला विचारले तर ती वेगळेच काही सांगते.

पंजाबची सपाटी संपते तिथे भिंबर आहे. तिथून नौशेरा, चिंगस, राजौरी, थन्नामंडी असा पायथ्याचा प्रदेश चढत जातो. पुढे रतनपीरची धार ओलांडून बहरामगल्ला, मग पोशाना, आणि त्यानंतर सुमारे ३,४९० मीटर उंचीची खिंड. पलीकडे अलियाबाद सराय, हीरपूर, शोपियान आणि शेवटी श्रीनगर. हा झाला जुना मार्ग. आज यातले भिंबर पाकिस्तानच्या ताब्यात आहे आणि बाकीची गावे भारताच्या बाजूला. म्हणजे वाटेचे पहिले पाऊलच नियंत्रण रेषेने कापून टाकले आहे.

ही वाट मुघलांनी शोधलेली नाही. नवव्या शतकात अवंतिवर्मन राजाचा मंत्री शूर याने या मार्गावर शूरपूर वसवले आणि तिथे पहाऱ्याची चौकी नेली. कल्हणाच्या राजतरंगिणीत त्याची नोंद आहे. राजतरंगिणीचे भाषांतर करणारे ऑरेल स्टाइन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांत स्वतः फिरले आणि त्यांनी आजचे हीरपूर म्हणजेच ते शूरपूर हे दाखवून दिले. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राच्या ‘समयमातृका’ या काव्यात या वाटेने मिठाची ओझी वाहिली जात असल्याचा उल्लेख येतो. तिथे या डोंगराला ‘पंचालधारा’ म्हटले आहे. काश्मीर खोऱ्यात मीठ पिकत नाही, ते पंजाबच्या बाजूने पाठीवरून आणावे लागे. तेव्हा या खिंडीचे सर्वांत जुने ठाऊक असलेले गिऱ्हाईक म्हणजे मिठाचा हमाल. बादशहा त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी आला.

अल्-बिरुनीने त्याच शतकात काश्मिरींबद्दल लिहून ठेवले आहे की ते आपल्या मुलखाच्या नैसर्गिक तटबंदीला फार जपतात आणि वाटांवर कडक पहारा ठेवतात. पूर्वी ते एखाद-दुसऱ्या परदेशी माणसाला, विशेषतः यहुद्यांना, आत सोडत; आता ओळखीचा नसेल तर हिंदूलाही सोडत नाहीत, असे तो म्हणतो. परक्याला अडवण्याचा निकष तिथे ओळख हा होता, धर्म हा नव्हता. आणि ही तटबंदी खरोखर भक्कम होती. गझनीचा महमूद याच रांगेतल्या लोहरकोटच्या किल्ल्यावर दोनदा चालून गेला आणि दोन्ही वेळा हात हलवत परतला.

मग मुघलांनी केले काय? १५८६ मध्ये अकबराचा सेनापती कासिमखान भिंबरच्या बाजूने फौज घेऊन आला आणि काश्मीर मुघल राज्याला जोडले गेले. हा कासिमखान म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली आग्र्याचा किल्ला उभा राहिला तोच. १५८९ मध्ये अकबर स्वतः श्रीनगरला निघाला तेव्हा कासिमखानाने पाथरवट आणि बेलदारांची मोठी फळी पुढे पाठवून खडक फोडले, वाट रुंद केली. मिठाच्या हमालाची पायवाट लष्करी मार्ग झाली ती अशी. जहांगीर आणि शाहजहानच्या काळात मुक्कामा-मुक्कामावर सराया उभ्या राहिल्या. काश्मीरचा सुभेदार अली मर्दानखान याचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. थन्नामंडी, चिंगस, अलियाबाद इथे त्यांचे अवशेष आजही आहेत.

जहांगीरला काश्मीरचे वेड होते. १६२७ च्या ऑक्टोबरात तिथून परतताना याच वाटेवर तो वारला. चिंगसच्या सरायीत त्याची आतडी पुरली आणि नूरजहाँने मृत्यूची बातमी दाबून देह लाहोरला नेला, अशी हकीकत तिथले लोक सांगतात. त्याची मुख्य कबर लाहोरजवळ शाहदऱ्याला आहे.

या वाटेची सर्वांत जिवंत हकीकत मात्र एका फ्रेंच हकिमाने लिहिली. फ्रांस्वा बर्नियर औरंगजेबाच्या काश्मीर सफरीत दानिशमंदखानाबरोबर होता. त्याच्या पत्रांवर १६६४-६५ चे साल छापलेले आहे, पण दरबारी इतिहासाप्रमाणे ही सफर १६६२-६३ ची. मराठी वाचकाला हा तपशील महत्त्वाचा वाटेल, कारण एप्रिल १६६३ मध्ये पुण्यात लाल महालावर शिवाजी महाराजांचा छापा पडला आणि शाहिस्तेखानाची बोटे तुटली, ती बातमी औरंगजेबाला मे महिन्यात काश्मीरच्या वाटेवरच मिळाली. मामाची रवानगी पुढे बंगालवर झाली. सह्याद्रीतल्या एका रात्रीचा पडसाद पीर पंजालच्या पायथ्याशी उमटला होता.

बर्नियर सांगतो की भिंबरला उंट मागे ठेवावे लागले आणि सामान माणसांच्या पाठीवर आले. एकट्या बादशहासाठी सहा हजार हमाल, आणि सगळ्या लवाजम्याचे मिळून तीस हजारांच्या आसपास, असा त्याचा अंदाज. काही हमाल सुभेदाराने आणि आसपासच्या राजांनी धाडलेले, तर काही चार पैसे मिळतील म्हणून आपणहून आलेले. पुढे खिंडीच्या चढावर जनान्याचा एक हत्ती भेदरून मागे हटला, मागच्यावर आदळला, आणि एकामागून एक पंधरा हत्ती दरीत कोसळले. स्त्रिया मेल्या तीन-चारच, पण हत्ती वाचवता आले नाहीत. दोन दिवसांनी बर्नियर तिथून गेला तेव्हा त्यातले काही अजून सोंड हलवत होते. औरंगजेब त्यानंतर पुन्हा कधीही काश्मीरला गेला नाही.

खिंडीच्या माथ्यावर बर्नियरला एक म्हातारा फकीर भेटला. पांढरी विस्कटलेली दाढी, जहांगीरच्या काळापासून तिथेच मुक्काम. त्याचा धर्म कोणता ते कुणालाच ठाऊक नव्हते. इथे गोंगाट करू नका, आवाजाने वादळ उठते, असे तो बजावत असे. शाहजहान आणि औरंगजेबाने त्याचे ऐकले. जहांगीरने मुद्दाम कर्णे-झांजा वाजवल्या आणि तो थोडक्यात बचावला, असे फकिराने बर्नियरला सांगितले. आज डोंगर चढणारेही बर्फाच्या उतारांवर सांभाळून चालतात. म्हाताऱ्याच्या सांगण्यात अनुभवाचा भाग किती आणि श्रद्धेचा किती, ते ज्याने त्याने ठरवावे. खिंडीवर आजही पीरबाबांची दर्गाह आहे. ज्याचा धर्म लोकांनी विचारला नाही अशा माणसाची ही जागा होती, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हमालांचा प्रश्न आला की मजुरीचाही येतो. श्रीनगरच्या हरी पर्बतावर अकबराने कोट बांधला. त्याच्या काठी दरवाजावरच्या फार्सी शिलालेखात १ कोटी १० लाख दाम खर्च झाले, हिंदुस्थानातून २०० उस्ताद कारागीर आणले आणि कुणाकडूनही फुकट काम करून घेतले नाही, असे मुद्दाम कोरले आहे. हे दगडावर कोरून सांगावे लागले, यावरूनच फुकट राबवण्याची चाल किती रुळलेली होती ते कळते. ती पुढेही संपली नाही. डोग्रा राजवटीत जमाबंदीचे काम केलेल्या वॉल्टर लॉरेन्सने १८९५ च्या आपल्या ग्रंथात बेगारीने काश्मिरी खेडूत कसा पिळला गेला ते लिहिले आहे. राज्य मुसलमानाचे असो, शिखाचे असो की हिंदूचे, डोंगरात ओझे नेणारी पाठ बहुधा त्याच गरिबाची. त्यात बहुसंख्य मुसलमानच होते. बादशहाच्या वैभवात आपला वाटा शोधणाऱ्या आपल्या समाजाने या पाठीची आठवण कधी काढली आहे?

१८१९ मध्ये रणजितसिंहाची फौज याच डोंगरातून उतरली आणि शोपियानच्या लढाईनंतर काश्मीर शिखांकडे गेले. १८९० च्या सुमारास झेलम खोऱ्यातून गाडीरस्ता झाला आणि जुनी वाट ओस पडली. १९४७ ने तर ती तोडलीच. सराया ढासळल्या. बफलियाझ ते शोपियान हा ८४ किलोमीटरचा आजचा रस्ता या शतकात झाला, आणि तोही हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो.

एका जमातीने मात्र या डोंगरवाटा कधीच सोडल्या नाहीत. गुज्जर आणि बकरवाल दर वसंतात शेळ्या-मेंढ्या, घोडी, कुत्री आणि लेकरे घेऊन राजौरी-पूंछच्या पायथ्यावरून वर चढतात आणि थंडीच्या तोंडावर खाली उतरतात. वरच्या कुरणांना ते ‘ढोक’ म्हणतात. आज ट्रेकर ज्या पायवाटांनी तळ्यांकडे जातात, त्यांतल्या कित्येक या कळपांच्या खुरांनी घडवलेल्या आहेत. १९९१ मध्ये या दोन्ही जमातींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. वाटेच्या नावात त्यांना जागा नाही, आणि नामांतराची मागणी करणाऱ्यांच्या किंवा तिला विरोध करणाऱ्यांच्या यादीतही ती नाही.

आपल्याकडचे घाट आठवा. नाणेघाट सातवाहनांचा म्हणून आपण पाहतो, पण त्या चढावर शतकानुशतके ओझी कुणी वाहिली याची नोंद कुठे आहे? इतिहास लिहिणारे राजदरबारी बसलेले असतात आणि वाटा घडवणारे पायी चालत असतात, म्हणून असे होते. मुघल रोडचे नाव राहावे की जावे, यावर हवा तेवढा वाद घालावा. त्या वाटेने कधी गेलात तर मात्र समोरून उतरणाऱ्या बकरवालाच्या कळपाला बाजूला होऊन आधी रस्ता द्या. वाटेवरचा पहिला हक्क त्याचा आहे.