हप्त्याची कुळकथा

महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत मीरा रोड आणि भाईंदरच्या घरांमधून पैसा चहूबाजूंना निघतो. घराच्या कर्जाचा ईएमआय खात्यातून कापला जातो. एसआयपीची रक्कम म्युच्युअल फंडाकडे जाते. एलआयसीचा प्रीमियम भरायचा असतो, पोस्टाच्या आरडीच्या एजंट बाई येऊन पैसे आणि पुस्तक घेऊन जातात, आणि सोसायटीतल्या बायकांची भिशी कुणाच्या तरी हॉलमध्ये बसते. नव्याने गुंतवणूक करू पाहणाऱ्याला हे सगळे वेगवेगळे प्रकार म्हणून शिकवले जातात. पण ते एकाच कुळातले आहेत आणि त्यांचा मूळ पुरुष आहे हप्ता. एकरकमी पैसा हाती नसलेल्या माणसाने महिन्यामहिन्याला थोडं थोडं बाजूला काढून भांडवल उभं करायचं, ही त्यामागची युक्ती. ती कुठून आली आणि प्रत्येक पिढीत तिच्यात काय बदललं, हे कळलं तर गुंतवणुकीचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत.

मुंबईच्या कामगाराला हप्ता आधी भेटला तो कर्जाच्या रूपाने. गिरण्यांचा पगार महिन्याने ठरायचा आणि महिना उलटून गेल्यावर कितीतरी दिवसांनी हातात पडायचा. मधल्या काळात वाण्याची उधारी चालायची, आणि अडीनडीला सावकार. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात अंदाज दिला, की बहुतेक औद्योगिक शहरांतले किमान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत. पुढे 1936 चा वेतन प्रदान कायदा आला. पगाराचा कालावधी एका महिन्यापेक्षा मोठा नको, हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे सातव्या दिवसाच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार झाला पाहिजे, असं त्याने ठरवून दिलं. पगाराची तारीख पक्की झाली, की देण्याची तारीखही पक्की करता येते. हप्त्याला लागणारी जमीन अशी तयार झाली.

या जमिनीत भिशी फोफावली. तिचं गणित सोपं आहे. बारा जणी दरमहा हजार रुपये काढतात, बारा हजार जमतात, चिठ्ठी निघते आणि जिला भिशी लागते ती पूर्ण रक्कम उचलते. बारा महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. यात व्याज नाही, पण जिची चिठ्ठी दुसऱ्या महिन्यात निघाली तिला दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज मिळालं आणि जिची शेवटी निघाली तिने ते इतरांना दिलं. बोलीच्या भिशीत हा हिशोब उघड होतो. एखादीला मुलाच्या फीसाठी पैसे तातडीने हवे असतात. ती बारा हजारांऐवजी दहा हजार आठशेवर भिशी उचलते. उरलेले बाराशे सगळ्यांत वाटले, की प्रत्येकीला शंभर मिळतात. गरज असलेली पैसे आधी नेते, थांबू शकणारी थांबण्याचा मोबदला घेते. बँकेचं सारं शास्त्र या एका बोलीत सामावलेलं आहे.

भिशीचं तारण म्हणजे माणसांची ओळख. एकाच मजल्यावर राहणारी, मुलं एकाच शाळेत घालणारी वहिनी पैसे बुडवणार नाही, हा भरवसा. म्हणून ओळखीच्या दहा-बारा जणींची भिशी टिकते आणि ओळखीबाहेर वाढत गेलेली फुटते. केरळ-तमिळनाडूत याच रीतीचा मोठा व्यवसाय झाला आणि 1982 मध्ये चिट फंड कायदा आला. त्या कायद्याप्रमाणे चिट चालवायला सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते. अनोळखी माणसाने चालवलेल्या मोठ्या भिशीत उतरण्याआधी ही नोंदणी पाहणं हा आपला हक्क आहे.

ओळखीच्या जागी संस्था आली, ती हप्त्याची पुढची पिढी. स्कॉटलंडमधल्या रथवेल गावात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने 1810 मध्ये गरिबांसाठी बचत बँक काढली. व्यापारी बँकांना खातं उघडायला दहा पौंड लागत, त्याच्या बँकेत सहा पेन्सही चालत. हाच विचार आपल्याकडे 1 एप्रिल 1882 रोजी पोस्टाच्या बचत बँकेच्या रूपाने आला. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1904 मध्ये झाला. महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या पतपेढ्या या घराण्यातल्या.

पण ज्यांना महिन्याचा पगारच नाही, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न भाईंदरला आजही लागू आहे. इथली मिठागरं पावसाळा सोडूनच चालतात. उत्तनच्या कोळ्यांच्या होड्या 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावर असतात. भाजीवाल्याचा, चहावाल्याचा गल्ला रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. अशांसाठी हप्त्याचे आणखी बारीक तुकडे करावे लागतात. ते काम उडुपीत झालं. उपेंद्र अनंत पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी 1925 मध्ये तिथे आठ हजार रुपयांच्या भांडवलावर कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट सुरू केली. तीच पुढची सिंडिकेट बँक. 1928 मध्ये या बँकेने पिग्मी ठेव आणली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे घेऊन नोंद करणार. ग्राहकाने बँकेत जायचं, ही रीत तिने उलटी केली. सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तिची पिग्मी कोल्हापूरपासून भाईंदरपर्यंत पतपेढ्यांनी आणि सहकारी बँकांनी आपली केली. संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी पिग्मीवाला येतो, पन्नास-शंभर रुपये घेतो आणि पावती देतो. दिवाळीचा माल भरायला किंवा मुलीच्या कॉलेजच्या फीला तो पैसा उभा राहतो.

इथे नवख्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसह, ठेव विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेतल्या एका ठेवीदारामागे व्याज धरून पाच लाख रुपयांपर्यंत ते मिळतं. पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा नाही. पतपेढी पिग्मीवर एखादा टक्का जास्त व्याज देते, तेव्हा त्या टक्क्यामागे ही जोखीमही असते. पिग्मी जमली, की ती वेळच्या वेळी काढून बँकेत नेणारा दुकानदार शहाणा.

विम्याचा हप्ता याच कुळातला, पण त्याचं काम निराळं. बॉम्बे म्युच्युअल ही संस्था 1870 मध्ये निघाली आणि तिने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवला. त्याआधी भारतीयांकडून जादा प्रीमियम घेतला जाई. 1956 मध्ये 245 विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालं आणि विमा एजंट घराघरात पोहोचला. त्याने आपल्या आधीच्या पिढीला नियमित पैसे बाजूला काढायची शिस्त लावली, हे त्याचं मोठं ऋण आहे. पण विमा मुळात कमावता माणूस गेल्यावर घर उघड्यावर पडू नये म्हणून जन्मला. त्याच्याकडून परताव्याचीही अपेक्षा ठेवली, की संरक्षण तोकडं राहतं आणि वाढही. शुद्ध मुदत विमा घ्यावा आणि वाढीसाठी पैसे दुसरीकडे लावावेत, हे त्याच्या जन्माशी सुसंगत आहे.

पोस्टाच्या आरडीला खरी गती दिली ती बायकांनी. 1 एप्रिल 1972 रोजी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली. घरोघर जाऊन पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करायचे आणि त्यावर कमिशन मिळवायचं, असं काम बायकांसाठी निर्माण झालं. भिशीतला ओळखीचा भरवसा आणि पोस्टातली सरकारची हमी अशी दोन्ही बाजूंची पुण्याई या आरडीला मिळाली. तिचा व्याजदर खातं उघडताना ठरतो आणि पाच वर्षं तोच राहतो. पाच वर्षांत नेमके पैसे लागणार असतील, तर नवख्यासाठी याहून निर्धास्त जागा थोड्या.

आतापर्यंतच्या सगळ्या हप्त्यांत आपण पैसे कुणाला तरी वापरायला देतो किंवा संरक्षण विकत घेतो. मालकी मिळवायची तर शेअर घ्यायला हवेत आणि मुंबईला शेअरची ओळख फार महागात पडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर शेअरचा ज्वर चढला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्यातून सावरलेल्या दलालांनी 1875 मध्ये आपली संघटना बांधली. तोच मुंबई शेअर बाजार. पण पगारदाराच्या मनातली भीती गेली नाही, आणि हाती पुरेसा पैसाही नव्हता.

हप्ता आणि मालकी यांची सोयरीक युनिट ट्रस्टने जुळवली. अनेकांचे पैसे एकत्र करून बऱ्याच कंपन्यांत गुंतवायचे, ही कल्पना लंडनमध्ये 1868 मध्ये आणि आजच्या खुल्या फंडाच्या रूपात बोस्टनमध्ये 1924 मध्ये रुजली होती. आपल्याकडे 1963 च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाली आणि जुलै 1964 मध्ये यूएस-64 योजनेचं दहा रुपये दर्शनी किमतीचं युनिट विक्रीला आलं. मध्यमवर्गाने ते पोस्टाइतकंच खात्रीचं मानलं. जुलै 2001 मध्ये त्याची खरेदी-विक्री थांबली आणि लोक हादरले. जाहीर होणारी किंमत आणि ट्रस्टकडच्या शेअरांचं खरं मोल यांचा मेळ उरला नव्हता. आज प्रत्येक म्युच्युअल फंड आपल्या युनिटचं मोल रोज जाहीर करतो. हे मोल वर जातं तसं खालीही येतं. ते खाली आलेलं दिसणं हीच यातली प्रामाणिकता आहे.

एसआयपी हा या सोयरिकीचा वंशज. समजा दरमहा हजार रुपये लावले आणि तीन महिन्यांत युनिटचा भाव वीस, सोळा आणि पंचवीस रुपये राहिला. तर पन्नास, साडेबासष्ट आणि चाळीस अशी एकूण एकशे साडेबावन्न युनिटं मिळतात. तीन भावांची सरासरी 20.33 रुपये, पण आपल्याला एक युनिट पडलं 19.67 रुपयांना. स्वस्ताईत हप्ता आपोआप जास्त खरेदी करतो. अमेरिकेतले गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहम यांनी 1949 मध्ये आपल्या पुस्तकात हीच रीत सामान्य गुंतवणूकदाराला सुचवली होती. ती नफ्याची हमी देत नाही. बाजार कधी खाली येईल हे ओळखण्याच्या खटाटोपातून मात्र माणसाला मोकळं करते. देशातला एसआयपीचा मासिक भरणा एप्रिल 2024 मध्ये पहिल्यांदा वीस हजार कोटी रुपयांच्या वर गेला. लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या पगाराच्या तारखेपासून सुरू झालेली वाट इथवर आली.

आणि मीरा रोड हे गावच मुळी हप्त्याने उभं केलेलं आहे. पूर्वी घर व्हायचं ते निवृत्तीच्या पैशातून. हसमुखभाई पारेख यांनी 1977 मध्ये घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी काढली आणि पगारदाराला तरुणपणीच घर घेता येईल अशी सोय केली. तिच्या पहिल्या कर्जांतलं एक मालाडच्या घरासाठी होतं: घर सत्तर हजारांचं, कर्ज पस्तीस हजारांचं. मालाडच्या पुढे, दहिसरची खाडी ओलांडून हीच वाट मीरा रोडला पोहोचली. गिरगाव-लालबागच्या चाळींतून निघालेल्या कितीतरी कुटुंबांनी इथे स्वतःचं दार मिळवलं. 2001 मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2011 मध्ये आठ लाखांवर गेली. राहतं घर ही मोठी मिळकत आहे, पण अडचणीच्या वेळी त्याची एक खोली विकता येत नाही. ईएमआयच्या ओझ्याखाली बाकीचे सगळे हप्ते बंद पडले, तर घर असूनही हात रिकामे राहतात.

या कुळाचं नाव सांगत फिरणारे तोतयेही असतात. जानेवारी 2025 मध्ये टोरेस ज्वेलरीचं प्रकरण उघडकीला आलं. दादरप्रमाणे मीरा रोडलाही तिची शाखा होती. खडे आणि दागिने घ्या, दर आठवड्याला काही टक्के परत मिळवा, असं आमिष होतं. आठवड्याचे पैसे थांबले, लोक रस्त्यावर आले, गुन्हा नोंदला गेला आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने 1920 मध्ये पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्क्यांचं वचन दिलं होतं, त्याच जातीचं हे. अस्सल हप्त्यात आधी आपण भरतो, वाट पाहतो, मग फळ येतं. इथे दुसऱ्याच आठवड्यापासून आपल्याला हप्ता मिळू लागतो आणि तो नंतर आलेल्याच्या खिशातून निघालेला असतो.

म्हणून सुरुवात करणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बँकेत जमवा. घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर मुदत विमा घ्या. पाच वर्षांत लागणारा पैसा पोस्टात किंवा बँकेच्या आरडीत ठेवा. त्याहून पुढचा पैसा एसआयपीत जाऊ द्या आणि भाव पडला म्हणून ती तोडू नका. भिशी जरूर लावा, ओळखीच्या घरांपुरती. प्रत्येक हप्ता देण्याआधी घेणाऱ्याला विचारा, की माझा पैसा नेमका कुठे कामाला लागेल, त्यातून परतावा कसा तयार होईल आणि तो बुडाला तर मी कुठे दाद मागू. याची सरळ उत्तरं देणाऱ्यालाच पगाराच्या दिवशी पहिला हप्ता द्या.