बोरीबंदरची वास्तू

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी निघाली, हे मी वर्गात कितीएक वर्षे शिकविले; परंतु तेथील स्थानकाची वास्तू मान वर करून पाहण्याचे भाग्य मला सेवानिवृत्तीनंतरच लाभले.

स्थापत्यकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याबरहुकूम १८७८ साली बांधकामास आरंभ झाला. १८८७ साली, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, स्थानकास व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. १९९६ साली ते जाऊन छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आले, आणि २००४ साली वास्तूची जागतिक वारशात गणना झाली. आगगाडीसाठी खटपट करणारे नाना शंकरशेट मात्र १८६५ सालीच निवर्तल्यामुळे ही वास्तू पाहू शकले नाहीत.

घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे. भिंतींवर मोर, माकडे व पाने-फुले कोरलेली आहेत. या शिल्पकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. राणीचे नाव पुसले गेले. विद्यार्थ्यांची नावे तर प्रवाशांना कधी कळलीच नाहीत. पण त्यांचे काम टिकले. शिक्षकास याहून मोठे समाधान कोणते? वाचकहो, पुढल्या खेपेस गाडीची घाई क्षणभर विसरून मान अवश्य वर करावी.